घोट्याला किती धरावं?

खुर्चीत बसा. उजवा पाय डाव्या गुडघ्यावर घ्या आणि घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांवर बोटं टेकवा. आतला उंचवटा नडगीच्या जाड हाडाचा, बाहेरचा तिच्या शेजारच्या बारीक हाडाचा. बाहेरचा थोडा खाली आणि मागे आहे, हे बोटांना कळू द्या. घाई नको.

सुताराने खाचेत लाकूड बसवावं, तसं या दोहोंमध्ये घोट्याचं हाड बसलेलं आहे. आता पंजा सावकाश स्वतःकडे ओढा. या हाडाची पुढची बाजू मागच्या बाजूपेक्षा रुंद असते. पंजा वर आला की ती खाचेत शिरते आणि तिला वाट द्यायला बाहेरचं बारीक हाड किंचित सरकतं, किंचित वळतं. बोटांना हे जाणवणार नाही, इतकी ती हालचाल थोडी. पंजा सैल सोडा. पुन्हा ओढा. जिन्यावर, उतारावर, उकिडवं बसताना हेच चालू असतं.

ही दोन हाडं खाली अस्थिबंधांनी बांधलेली असतात. पाय पिरगळून हाड मोडतं तेव्हा कधी कधी हे बंधही तुटतात आणि खाच फाकते. 1976 साली रॅमसे आणि हॅमिल्टन यांनी मृतदेहांच्या घोट्यांवर मोजून पाहिलं. घोट्याचं हाड बाहेरच्या बाजूला 1 मिलिमीटर सरकलं, तरी सांध्यातला हाडाहाडांचा स्पर्श सरासरी 42 टक्क्यांनी घटला. पट्टीवरच्या दोन बारीक रेघांमधलं अंतर डोळ्यांसमोर आणा. इथे थोडं थांबा.

मोडलेल्या हाडाला प्लेट लागते, ते राहू द्या. मनात धरायचा प्रश्न पुढचा आहे: फाकलेली दोन हाडं एकमेकांशी कशी धरायची?

एक उपाय स्क्रूचा. तो दोन्ही हाडांतून आरपार जातो आणि त्यांना हलू देत नाही. पण पाऊल पडायला लागलं की हाडं आपली जुनी हालचाल मागतात. मग स्क्रू ढिला होतो, कधी तुटतो, कधी दुसऱ्या शस्त्रक्रियेत काढावा लागतो. तुटलेला स्क्रू ऐकायला भयंकर वाटतो, बहुतेकदा त्याने काही बिघडत नाही.

दुसरा उपाय मजबूत दोऱ्याचा. दोन्ही टोकांना धातूचं छोटं बटण, मध्ये ताणलेला दोरा. तो धरतो आणि थोडं हलूही देतो. नॉर्वेत 97 रुग्णांवर झालेल्या, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत दोन वर्षांनंतर दोऱ्याचे घोटे स्क्रूच्या घोट्यांपेक्षा बरे ठरले. दोरा महाग पडतो, आणि खिशातून पैसे भरणाऱ्याला ही बाब लहान नाही.

मला दोऱ्याचं पारडं जड वाटतं, पण एका अटीवर: हाड आधी जागेवर बसलेलं हवं. हाड मुळात चुकीच्या जागी बसलं असेल, तर स्क्रू ती चूक तशीच पक्की करतो. दोरा थोडी सवलत देतो, पण चूक पुसत नाही. साध्या एक्स-रेमध्ये न दिसलेली चूक सीटी स्कॅनमध्ये दिसू शकते.

पाय खाली ठेवा. घरात कुणाच्या घोट्याची अशी शस्त्रक्रिया ठरली, तर स्क्रू की दोरा हे डॉक्टरांना जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, हाड नेमकं जागेवर बसलं हे तुम्ही कसं तपासणार?