स्पर्धा आणि अद्वेष

स्पर्धेत एक जिंकतो तेव्हा दुसरा हरतोच. मग कोणाचेही वाईट न चिंतणाऱ्याने स्पर्धेत उतरावे का? भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना अद्वेष सर्वांत आधी येतो. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनाला जय आणि पराजय सारखेच मानून लढायला सांगितले आहे. युद्ध आणि खेळ एक नव्हेत. पण समोरच्याचा द्वेष न करता त्याच्याशी झुंजता येते का, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच उभा राहतो. खेळाच्या मैदानात त्याचा विचार अधिक मोकळेपणाने करता येतो.

बीएमएक्स ही सायकल शर्यत त्यासाठी चांगले उदाहरण आहे. 1970 च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियातली मुले मोटोक्रॉसच्या मोटारसायकलस्वारांची नक्कल करत मोकळ्या जागेतल्या मातीवर सायकली पळवू लागली, तिथून तिचा उगम झाला. 1982 मध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि 2008 मध्ये बीजिंगला ती ऑलिंपिकमध्ये आली. चाके 20 इंची, मार्ग साधारण 300 ते 400 मीटरचा. उतारावरच्या फाटकाशी जास्तीत जास्त आठ स्वार उभे राहतात आणि मिनिटाच्या आत निकाल लागतो. वस्तीजवळच्या अशा मार्गावर नवख्या मुलाला पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, हातमोजे, लांब बाह्यांचा शर्ट आणि लांब पँट घालून उतरवतात. आधी त्याने उंचवट्यांवर अंगाचा तोल सांभाळायला शिकायचे असते. वेग नंतर येतो.

हे उंचवटे मुद्दाम घातलेले असतात. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने 1978 च्या आपल्या ग्रंथात खेळाची व्याख्या करताना याच गोष्टीवर भर दिला: गरज नसलेले अडथळे ओलांडण्याचा स्वखुशीने केलेला प्रयत्न म्हणजे खेळ. मार्गावरचे उंचवटे जसे स्वेच्छेने स्वीकारलेले, तसाच शेजारच्या पट्टीतला स्वारही. त्याचा वेग हाही एक अडथळाच आहे, आणि तो नसेल तर शर्यतच उरत नाही.

यावरचा आक्षेप गंभीर आहे. लेखक आल्फी कोन यांनी 1986 मध्ये असे मांडले की स्पर्धेची रचनाच एकाचे यश दुसऱ्याच्या अपयशावर उभी करते आणि त्यातून वैर व असुरक्षितता वाढते. क्रमांकापुरते हे खरे आहे: पहिला क्रमांक एकालाच मिळतो. पण शर्यतीतून क्रमांकाखेरीजही काही मिळते. सातव्या आलेल्या मुलाला एखादे वळण प्रथमच वेग न घालवता घेता आले, तर ती कमाई त्याने कोणाकडून हिरावलेली नसते. तत्त्वज्ञ रॉबर्ट सायमन यांनी म्हणूनच चांगल्या स्पर्धेला उत्कृष्टतेचा परस्परांनी मिळून घेतलेला शोध मानले. आपली क्षमता आपल्याला कळावी यासाठी समोरच्याने जीव तोडून खेळणे आवश्यक असते.

लातूर आणि नांदेडच्या मातीत हा विचार कुस्तीच्या रूपाने मुरलेला आहे. तालमीत ताक, तेल, हळद घालून मळलेल्या लाल मातीला वंदन करून मुलगा आत उतरतो. वस्ताद वय, वजन आणि ताकद पाहून जोड लावतो. फार मोठ्या मल्लाने लहानाला आस्मान दाखवले तर दोघांच्याही पदरी काही पडत नाही, हे जोड लावण्यामागचे नैतिक तत्त्व आहे. लढतीआधीची सलामी त्याच तत्त्वाची खूण आहे. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत कुस्त्यांची दंगल भरते ती देवाच्या उत्सवाचा भाग म्हणून. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 च्या लातूरच्या अधिवेशनात महाराष्ट्र केसरी झाले आणि 1970 मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पुढे त्यांनी पुण्यात मल्ल घडवले. 2018 चा राष्ट्रकुल विजेता राहुल आवारे त्यांपैकीच एक. जिंकलेली विद्या पुढच्याच्या हाती देणे हाही स्पर्धेच्या परंपरेचाच भाग आहे.

नांदेडमध्ये दुसरे उदाहरण सापडते. गुरू गोविंदसिंगांनी आनंदपूरला 1701 च्या सुमारास होला मोहल्ल्याची प्रथा सुरू केली, असे परंपरा सांगते. एकाच सैन्याच्या दोन तुकड्या करून त्यांच्यात लुटुपुटीची लढाई लावली जाई. गुरूंचे 1708 मध्ये नांदेडला निर्वाण झाले, आणि तिथल्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब या गुरुद्वारात हा सण आजही निशाण साहिब व घोड्यांसह साजरा होतो. मूळ प्रथेचा अर्थ स्पष्ट आहे: समोरची तुकडी आपलीच असते आणि तिच्याशी झुंजूनच दोन्ही तुकड्या तयार होतात.

गीतेने सांगितलेल्या समत्वाचा अर्थ इथे उलगडतो. जय-पराजय सारखे मानणे म्हणजे जिंकण्याबद्दल उदासीन राहणे नव्हे. अर्धवट मनाने धावणारा प्रतिस्पर्ध्याची परीक्षाच होऊ देत नाही, म्हणजे त्याला फसवतो. शर्यत चालू असताना जिंकण्याची इच्छा पूर्ण असावी. निकालानंतर तिने माणसाला बांधून ठेवू नये. समत्वाची ही मागणी नवख्यासाठी सर्वांत अवघड असते, कारण सुरुवातीला हार वारंवार येते.

ही वृत्ती केवळ उपदेशाने येत नाही. तिला व्यवस्थेचा आधार लागतो. बीएमएक्समध्ये वयोगट आणि कौशल्य पाहून गट पाडतात आणि अनेक ठिकाणी एकाहून अधिक प्राथमिक फेऱ्या घेतात, म्हणजे एका पडण्याने दिवस संपत नाही. तालमीत हेच काम जोड लावणारा वस्ताद करतो. बक्षिसाची रक्कम, पालकांची हाव किंवा गावाची ईर्षा हे सगळे मुलाच्या शिकण्यापेक्षा मोठे झाले, की समोरचा स्वार अडसर वाटू लागतो, आणि कोन यांचा आक्षेप त्या वेळी पूर्ण खरा ठरतो. म्हणून स्पर्धा नैतिक आहे की नाही याचे उत्तर स्पर्धेच्या नावात मिळत नाही. प्रतिस्पर्ध्याने उत्तम खेळावे असे खेळाडूला मनापासून वाटते का, आणि तसे वाटू देणारी व्यवस्था आहे का, या दोन कसोट्यांवर ते ठरते.