डीजेच्या भिंतीमागचा माणूस

आमच्या मुळशीत डीजे हा माणूस नसतो. ती वस्तू असते. लग्न ठरलं की कार्यालय, केटरर, मांडव या यादीत डीजे येतो आणि पाहुणे विचारतात, "कुठला सांगितलाय? किती बेस, किती टॉप?" डीजे लावतात, डीजे बंद पाडतात, पोलीस डीजे उचलून नेतात. डीजे म्हणजे टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंत. गाणी निवडणारा, एकात एक मिसळणारा, कुठल्या क्षणी काय वाजवायचं ते ठरवणारा माणूस तिच्यामागे कुठेतरी असतो. जनरेटरशेजारी, प्लास्टिकच्या खुर्चीवर, लॅपटॉप घेऊन. त्याला फार तर 'ऑपरेटर' म्हणतात.

शब्दाची ही अदलाबदल आपल्या फार सोयीची आहे, असं मला हल्ली वाटतं. का, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी चुलतभावाच्या हळदीला माझा पाय मुरगळलेला होता. नाचणं शक्य नव्हतं, म्हणून मी त्या ऑपरेटरशेजारी खुर्ची टाकून बसलो. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा असेल. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की तो लॅपटॉपकडे फार बघतच नव्हता. तो लोकांच्या पायांकडे बघत होता. खुर्चीवर बसल्या बसल्या कोणाची टाच हलतेय, कोण उठायच्या बेतात आहे, कुठल्या कोपऱ्यात अजून गप्पाच चालू आहेत. सुरुवातीचा तासभर त्याने जुनी कोळीगीतं आणि ओळखीची लग्नाची गाणी लावली, आवाज बेताचा. लहान पोरं आली, मग आत्या-मावश्या आल्या. तरुण पोरं वैतागली होती. येऊन मोबाइलवर गाण्यांची नावं दाखवायची. तो प्रत्येकाला मान डोलवायचा आणि काहीच लावायचा नाही. नऊ वाजून गेल्यावर त्याने पहिलं मोठं गाणं सोडलं. तेही सरळ नाही. आधी बेस पूर्ण काढून घेतला. चार-पाच सेकंद नुसती टाळी आणि वर वर चढत जाणारा एक आवाज. सगळ्यांचे हात आपोआप वर गेले, आणि मग बेस आला. दोनशे माणसं एकाच वेळी जमिनीवरून उचलली गेली.

थोड्या वेळाने पोरांच्या दोन टोळक्यांत खांदे लागायला लागले. हळदीत हे कसं वाढतं ते आपल्याला माहीत आहे. मला वाटलं, आता हा बंद करणार. त्याने बंद केलं नाही. बंद केलं की शांततेत शिव्या ऐकू येतात आणि मग खरी मारामारी होते, हे त्याला कळत होतं. त्याने गाणं वितळवत वितळवत बायकांच्या फुगडीला चालेल असा ठेका आणला. मावश्या मध्ये घुसल्या, पोरं कडेला सरकली. कोणाला काही कळलंसुद्धा नाही.

मला त्याचं प्रचंड कौतुक वाटलं. आणि थोडी भीतीही. समोरच्या दोनशे माणसांना न विचारता, न कळवता तो त्यांची मनं हलवत होता. त्या रात्री ते भल्यासाठी होतं, इतकंच.

"न कळवता" हे मी उगाच म्हणत नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ऑर्फिक्स या जोडीचा इलेक्ट्रॉनिक संगीताचा खराखुरा कार्यक्रम चालू असताना त्यांनी खास स्पीकरमधून अतिशय खालच्या कंप्रतेचा आवाज मधूनमधून चालू-बंद केला. हा आवाज इतका खालचा, की तो चालू आहे की बंद हे ऐकणाऱ्यांना सांगता येत नव्हतं. डोक्याला लावलेल्या पट्ट्यांवरून हालचाल मोजली. तो चालू असताना लोक सुमारे १२ टक्के जास्त हलत होते. म्हणजे 'मला नाचावंसं वाटलं' या वाक्यातला 'मला' तपासून घ्यावा लागेल.

यावर सरळ उत्तर असं आहे, की माणूस नाचायला जातो तोच मुळी स्वतःला जरा सोडून द्यायला. परवानगी तिथेच दिलेली असते. २००७ साली गोव्यात कांदोळीला सुरू झालेला सनबर्न महोत्सव २०१७ आणि २०१८ला आमच्या वेशीवर, बावधनला झाला. तिथे जाणाऱ्याने तिकीट काढलेलं असतं, समोरचा डीजे आपल्याला तासभर कुठे कुठे नेणार याची त्याला हौस असते. त्यात गैर काय? काहीच नाही.

पण वरातीला तिकीट नसतं. रस्त्याकडेच्या घरात बसलेल्या माणसाने कसली परवानगी दिलेली नसते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली हेच म्हटलं: बोलायचं स्वातंत्र्य म्हणजे दुसऱ्याला ऐकायला भाग पाडायचं स्वातंत्र्य नव्हे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद, असे नियमही २००० सालापासून आहेत. कायद्याला घोळक्याबाहेरचा माणूस दिसतो. माझी अडचण घोळक्याच्या आतली आहे.

हळदीनंतर दोनेक वर्षांनी आमच्या गावात विसर्जनाची मिरवणूक होती. या वेळी पाय धड होता आणि मी सगळ्यांत पुढे होतो. ऑपरेटर दुसरा होता. मी त्याच्याकडे बघून हाताचा पंजा वर वर हलवत होतो. वाढव, अजून वाढव. तो वाढवत होता. एका घरासमोर आम्ही बराच वेळ थांबलो. ओट्यावर म्हातारे गृहस्थ दोन्ही कानांवर हात ठेवून बसले होते. त्यांची बायको आत अंथरुणाला खिळलेली आहे हे मला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. मला ते दिसले, आणि तरी हात खाली आला नाही.

दुसऱ्या दिवशी पारावर मीच म्हणालो, "काल डीजे जरा जास्तच होता."

डीजे जास्त होता! मी नाही, मंडळ नाही, ऑपरेटरही नाही. ऑपरेटरला विचारा, तो म्हणेल लोक मागतात. लोक म्हणतील त्याने लावलं. आणि दोघं खोटं बोलत नसतात, कारण तो आमच्याकडे बघून वाढवतो आणि आम्ही त्याच्याकडे बघून चढतो. या गोल फेऱ्यात दोष कुठे ठेवायचा ते सापडत नाही. मग तो स्पीकरवर ठेवतात.

तरी मला वाटतं, दोघांचा वाटा सारखा नाही. आम्ही भान ठरवूनच सोडलेलं असतं. तो एकटा शुद्धीवर असतो, उंचावर असतो, त्याला ओटा दिसतो. पण हेही खरं, की त्याची सुपारी मंडळाची असते. आवाज कमी केला तर पुढच्या वर्षी दुसऱ्याचा टेम्पो येईल. ज्याला सगळ्यात जास्त दिसतं त्याच्याच हातात 'नाही' म्हणायची सोय सगळ्यात कमी.

गाण्याचा अर्थही त्याच्या हातात असतो. 'मुळशी पॅटर्न' २०१८ साली आला. जमिनी विकून बसलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांची गोष्ट, गुन्हेगारीत शिरून वाया जाणाऱ्यांची. त्यातलं 'अराररारा' मिरवणुकांत वाजायला लागलं, तेव्हा मागची पुढची गोष्ट गळून गेली आणि उरला फक्त तोरा. शेजारी बंगल्यांचे प्लॉट पडलेल्या रस्त्यावर आमची पोरं त्यावर नाचत होती. मीही.

याला दुसरी रीत असू शकते का? मला पालखीतली समाजआरती आठवते. माउलींची पालखी तळावर येते, दिंड्या गोल उभ्या राहतात, हजारो टाळ वाजत असतात. चोपदार हातातला चोप वर करतो आणि क्षणात सगळं शांत. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती दिंडी टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. मग तिच्यापाशी जाऊन म्हणणं ऐकून घेतात आणि त्यानंतरच पुढचं होतं. म्हणजे इतक्या मोठ्या जमावाला एका हाताने शांत करणाऱ्या माणसालाही 'आमचं ऐका' असं सांगायची सोय त्या रचनेतच आहे. डीजेच्या भिंतीसमोर शेजाऱ्याच्या कानात ओरडून 'बस झालं' म्हटलं तरी पोचत नाही.

टाळ तेवढे पवित्र आणि डीजे तेवढा वाईट, असं मी म्हणत नाहीये. लक्ष्मी रोडला शेकडो ढोलांसमोर उभं राहून टाळ्या वाजवायच्या आणि खेड्यातल्या पोरांच्या डीजेवर संस्कृतीचं प्रवचन द्यायचं, हा दुटप्पीपणा मला चीड आणतो. ढोलही छातीत वाजतोच की. आणि काही कीर्तनकार समोरच्या बायकांवर विनोद मारून मंडप कसा हसवतात, तेही सप्ताहात पाहिलंय. प्रश्न वाद्याचा नाही.

त्या हळदीचा शेवट सांगायचा राहिला. दहाची वेळ सगळ्यांना माहीत होती आणि पोरं भांडायच्या तयारीत होती, अजून एक, अजून एक. त्याने साडेनऊच्या सुमारासच उतरायला सुरुवात केली होती. प्रत्येक गाणं आधीच्यापेक्षा किंचित हळू, बेस थोडा थोडा कमी. शेवटी इतकं मंद काहीतरी लावलं, की माझी आजी उठून दोन पावलं नाचली. सगळे तिच्याभोवती उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. दहाला त्याने बंद केलं तेव्हा कोणी ओरडलंच नाही, लोक पंगतीकडे वळले. तो एकटाच वायरी गुंडाळत होता. मी त्याला जेवायला चल म्हणालो. तो म्हणाला, टेम्पो परत न्यायचाय.

नाव विचारायचं राहून गेलं. काकांकडून घेतलेला नंबर अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. 'डीजे पिरंगुट' म्हणून सेव्ह केलेला.