भाकर परतणारा



आपल्या टोरॉन्टोच्या मंडळींत दोन विषयांना कधी खंड पडत नाही : मुलामुलींची लग्ने आणि घरे. शाब्बाथची प्रार्थना आटोपून किद्दुश झाला, की चहाचा पेला हाती यायच्या आत कोणीतरी व्याजाचा दर काढतोच. (शाब्बाथला व्यवहाराच्या गोष्टी बोलू नयेत हे सर्वांना ठाऊक आहे, तरी बोलतात.) या घरांच्याच व्यवहारातला एक प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. तो आम्हां नवराबायकोला गेले वर्षभर सोडीत नाही, आणि त्यावर आमचे एकमतही झालेले नाही.

हकीकत अशी. आमचे गुडघे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. शाब्बाथला गाडी चालवायची नाही, म्हणून प्रार्थनालयापर्यंत चालत जाता येईल असे घर आम्ही थॉर्नहिलमध्ये, बाथर्स्ट स्ट्रीटच्या आसपास शोधीत होतो. एक लहानसे बैठे घर मनासारखे सापडले. मालकीणबाई वृद्ध, विधवा. त्यांना मुलीकडे राहायला जायचे होते. परंतु घराला आधीच एक गिऱ्हाईक लागलेले होते आणि ते अडकून पडले होते.

अडकण्याचा हा प्रकार येथे नवीन आलेल्यांना कळत नाही, म्हणून थोडे सांगतो. ऑन्टॅरिओत घराची ऑफर पुष्कळदा अटीवर असते. बँकेने कर्ज मंजूर केले तर घेईन, घराची तपासणी ठीक निघाली तर घेईन, किंवा माझे राहते घर विकले गेले तर घेईन. या शेवटच्या अटीला विकणारा सहसा आपल्याकडून एक पुस्ती जोडतो : मी घर दाखवीत राहणार; दुसरी पटणारी ऑफर आली तर तुम्हांला लेखी नोटीस देईन; मग ठरलेल्या तासांत, अठ्ठेचाळीस म्हणा की बहात्तर, एक तर अट सोडून द्या, नाही तर डिपॉझिट परत घेऊन बाजूला व्हा. येथे याला एस्केप क्लॉज म्हणतात. पहिल्या गिऱ्हाइकाने हे सर्व वाचून सही केलेली असते. कायद्याने कोणीही कोणाला फसवीत नाही.

आमच्या घराचे तसेच होते. पहिल्या कुटुंबाचा कॉन्डो विकला जात नव्हता, आणि ज्यांनी या एकदोन वर्षांत टोरॉन्टोत कॉन्डो विकायला काढला आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. त्यांच्या अटीची मुदत संपायला तीन आठवडे होते. आमच्या एजंटने दोन मार्ग सांगितले. एक, पहिला करार आपल्या मुदतीने आपोआप संपला तरच आमची ऑफर लागू, अशी मागे उभी राहणारी ऑफर द्यायची. दुसरा, आजच बिनशर्त ऑफर द्यायची, म्हणजे बाई नोटीस काढतील. आम्ही दुसरा मार्ग धरला. वसंत ऋतू होता, तीन आठवड्यांत तिसराच कोणी आला असता. पहिले गिऱ्हाईक कोण, हे आम्ही विचारले नाही. विचारले असते तरी एजंटने सांगितले नसते, ही पुढे आम्ही आपल्या मनाची घातलेली समजूत.

बहात्तर तासांची नोटीस गेली. शेवटच्या तासाला त्या कुटुंबाने अट सोडली. घर त्यांचे झाले. आम्हांला वाईट वाटले, आणि चार दिवसांत आम्ही विसरलो.

पुढे हिवाळ्यात कळले, की ते कुटुंब आपल्याच मंडळींपैकी. कॉन्डो विकला गेला नाही म्हणून त्यांनी भावाकडून आणि बँकेकडून पैसे उचलले, दोन घरांचे हप्ते भरले, आणि नवरा रात्रीचीही नोकरी करू लागला. शनिवारी तो प्रार्थनेत पेंगत असे. आम्हांला वाटे, तरुण मंडळींना रात्री जागायची सवय.

तेव्हा आम्ही तल्मूदातली राव गिद्देलची गोष्ट पुन्हा काढली. ती किद्दुशिन या भागात आहे, म्हणजे लग्नाच्या कायद्यात. जमिनीची गोष्ट लग्नाच्या भागात कशी, तर तेथे चर्चा चालली आहे ती अशा माणसाची, जो मित्रासाठी मागणी घालायला गेला आणि स्वतःचेच लग्न ठरवून आला. असो. राव गिद्देल एका शेताचा सौदा करीत होता. रब्बी अब्बा गेला आणि त्याने ते विकत घेतले. गिद्देलने गाऱ्हाणे नेले ते रब्बी झैराकडे, झैराने ते रब्बी इझहाक नप्पाहाकडे पोचविले. नप्पाहा म्हणजे लोहार. इझहाक म्हणाला, अब्बा सणाला येईल तेव्हा पाहू. अब्बा आला. इझहाकने शेताचे नावसुद्धा न काढता विचारले, की गरीब मनुष्य भाकर परतीत असताना दुसऱ्याने येऊन ती उचलली, तर त्याला काय म्हणावे? अब्बा म्हणाला, दुष्ट म्हणावे. मग तुम्ही असे का केले? मला माहीत नव्हते, असे अब्बाचे उत्तर.

यापुढचा भाग आम्हांला अधिक आवडतो. आता तरी शेत त्याला द्या, असे सांगितल्यावर अब्बा म्हणाला, ही माझी पहिलीच जमीन, ती विकणे शुभ नव्हे. हवी तर त्याने फुकट घ्यावी. गिद्देलला फुकटचे नको होते. अब्बाही त्या शेतात उतरला नाही, कारण गिद्देलने आधी हात घातला होता. शेत कोणाचेच झाले नाही. लोक त्याला रब्बींचे शेत म्हणू लागले.

आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे, की ही गोष्ट आम्हांला लागू नाही. सोळाव्या शतकात क्राकावचे रब्बी मोशे इसर्लेस यांनी शुल्हान आरूखवर लिहिताना स्पष्ट केले, की किंमत ठरून फक्त शेवटचा व्यवहार उरला असेल तरच मध्ये पडणारा दोषी. भाव अजून चालू असेल तर दोष नाही. येथे किंमत ठरली होती हे खरे, पण त्या कुटुंबाने दुसरा येऊ शकतो ही अट स्वतः मान्य केली होती. शिवाय बाईंचा विचार कोणी करायचा? अटीवर सही करून महिनोन् महिने घर अडवून ठेवणारा गरीब खरा, पण ज्या चुलीवर तो भाकर परततो ती चूल दुसऱ्याची आहे. बाईंना त्या वयात आणखी एक हिवाळा एकटीने बर्फ उपसायला लावायचे काय?

दुसऱ्याचे म्हणणे, की हे सर्व वकिली बोलणे झाले. बाराव्या शतकातले रब्बेनू ताम म्हणतात, भाकर उचलणारा दुष्ट ठरतो तो अशासाठी, की त्याला दुसरीकडे भाकर मिळाली असती. आमच्यापाशी राहते घर होते. आम्हांला चालायचे अंतर कमी करायचे होते, एवढेच. त्यांना दोन वाढत्या मुलांना खोली हवी होती. आणि अब्बाचे ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर तरी आम्हांला कोठे देता येते? आम्हांला माहीत होते. नाव तेवढे माहीत नव्हते.

आमचे आजोबा अलिबागकडचे. ते सांगत, एखाद्याने वाडीचा इसार दिला, की त्याचे पैसे जमेपर्यंत गावातले कोणी त्या वाडीची किंमत विचारीत नसे. गावात सगळे एकमेकांना ओळखत, हे त्याचे निम्मे कारण असणार. येथे माणसामाणसांत दोन एजंट आणि दोन वकील उभे असतात. ब्रिटिश कोलंबियात तर जानेवारी २०२३ पासून कायद्यानेच घेणाऱ्याला शब्द फिरवायला कामाचे तीन दिवस दिले आहेत. किमतीच्या पाव टक्का भरला की तो मोकळा.

पण याच ऑन्टॅरिओत एक वेगळी गोष्टही घडलेली आहे. १९४८ साली ॲनी नोबल या बाईंनी ह्युरॉन सरोवराकाठच्या बीच ओ’पाइन्स वसाहतीतली आपली कॉटेज बर्नार्ड वुल्फ यांना विकायचे ठरविले. वुल्फ ऑन्टॅरिओतल्याच लंडन शहराचे व्यापारी, आणि यहुदी. जमिनीच्या कागदात अट निघाली, की ही जागा यहुद्यांना किंवा काळ्या लोकांना विकता येणार नाही. वुल्फ अडकले. शेजारी अटीच्या बाजूने कोर्टात भांडले, आणि ऑन्टॅरिओच्या दोन्ही कोर्टांत शेजारी जिंकले. नोबलबाईंना बिनअडचणीचे दुसरे गिऱ्हाईक पाहायला काय हरकत होती? त्या तसे न करता वुल्फबरोबर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. नोव्हेंबर १९५० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. दोन वर्षांवर काळ गेला होता. त्या मधल्या काळात कोणी शेजारी चांगली रक्कम घेऊन पुढे आला असता, तर तो वाईट माणूस, असे आपण सर्वजण एकमुखाने म्हटले असते. म्हणजे गिऱ्हाईक कशामुळे अडकले, यावर आपले मत बदलते. अन्यायाने अडकलेल्याचा आपल्याला कळवळा येतो. व्याजाच्या दराने अडकलेल्याचा येत नाही, जरी मार्च २०२२ च्या सुरुवातीला पाव टक्का असलेला बँक ऑफ कॅनडाचा दर जुलै २०२३ पर्यंत पाच टक्के झाला तो काही त्या गिऱ्हाइकाने केलेला नव्हता. १९८१ साली बँक रेट वीस टक्क्यांवर गेला होता. तेव्हा येथे नवीन आलेल्या आपल्या ज्येष्ठांना विचारा, अडकणे म्हणजे काय.

आमचे आजचे मत सांगायचे तर, ऑफर देणे चूक नव्हते. मागे उभे राहण्याचा मार्ग समोर असताना ढकलण्याचा घेतला, ते चूक. तीन आठवडे थांबलो असतो तर मालकीणबाईंचे काही बिघडत नव्हते. ती मुदत त्यांनीच दिलेली होती. आमच्यापैकी एकाला हेही अजून पुरते पटलेले नाही.

एलूल महिन्यात, हा लेख संपादकांकडे धाडण्यापूर्वी, आम्ही त्या कुटुंबाकडे गेलो. छापून आल्यावर कळण्यापेक्षा तोंडाने सांगितलेले बरे. सांगताना आमची जीभ अडखळली. नवरा शांतपणे म्हणाला, “काका, ते आम्हांला केव्हाच ठाऊक होतं. घर ताब्यात देताना बाईंनीच सांगितलं, की तुमच्याच लोकांपैकी एक जोडपं आलं होतं.” मग थोडे थांबून म्हणाला, “तुमची ऑफर आली नसती तर आम्ही मुदत वाढवून मागणार होतो. बाईंनी दिलीही असती.”

त्याची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “काही नाही हो काकू, हे असेच बोलतात. नोटीस आली म्हणून तरी ह्यांनी हिय्या केला. नाही तर अजून त्या कॉन्डोतच बसलो असतो.”

त्या दोघांचेही एकमत नाही असे दिसले. निघताना तिने चिकाच्या हलव्याचा डबा आमच्या हाती दिला, आणि कोपऱ्यावरच्या घरावर पाटी लागायची आहे, आधीच चौकशी करून ठेवा, असे सांगितले. त्या घराला अजून कोणी गिऱ्हाईक लागलेले नाही ना, हे आम्ही तेथल्या तेथेच विचारून घेतले.