साडेदहा तासांवरून

भगवंता, आजीचं बोट धरून बार्शीच्या देवळात तुझ्यापुढं उभी राहायची ना, तीच मी. आज बफेलोतून हात जोडते आहे. इथं शनिवारच्या रात्रीचे सव्वाअकरा वाजलेत. तुझ्याकडं रविवारची सकाळ, पावणेदहा. तुझ्या दारात फुलवाल्या बसल्या असतील आणि आई पदर सावरत तुला नमस्कार करून गेलीही असेल.

देवा, मी ऑगस्टात आले तेव्हा हे अंतर साडेनऊ तासांचं होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागं गेली आणि घर तेवढंच आणखी लांब झालं. मेसमध्ये माझं भांडी धुण्याचं काम रात्री दहाला सुटतं. आधी सुटल्या सुटल्या फोन लावायची, तेव्हा घरी साडेसात वाजलेले असायचे आणि आई डबा भरता भरता बोलायची. आता मी सुटते तेव्हा तिकडं साडेआठ होतात. आठ वीसच्या एसटीनं ती शाळेवर निघून गेलेली असते, आणि गाडीच्या आवाजात दोघींनाही काही ऐकू येत नाही. एका तासापायी आमचं रोजचं बोलणं गेलं. हे मी कुणाला सांगू? तास गेला म्हणून रडणारी मुलगी कुणाला कळेल?

डिसेंबर लागला. ईरी सरोवरावरून वारा येतो आणि बघता बघता रस्ता पांढरा होतो. पावणेपाचला सूर्य मावळतो. दिवेलागणीची ती वेळ फार वाईट, भगवंता. घरी त्या वेळेला आजी देवापुढं निरांजन लावायची, आणि मला खोलीत एकटीला काय करावं ते सुचत नाही. पोटात खड्डा पडतो. अभ्यास समोर असतो आणि अक्षर डोक्यात शिरत नाही.

आज डबा उघडला. आईनं दिलेल्या कडक भाकरींतली शेवटची एक उरली आहे. दिव्याखाली धरून बघितली. वर तीळ आहेत, कडेला थोडी करपली आहे, आणि थापताना उमटलेले आईच्या बोटांचे ठसे तसेच आहेत. त्यांवर माझी बोटं ठेवून बघितली. तिची बोटं माझ्यापेक्षा रुंद आहेत, हे मला बावीस वर्षांत माहीत नव्हतं. भाकरी न मोडता परत डब्यात ठेवली.

तुला हे सांगते, कारण घर सोडणं तुला ठाऊक आहे. मूर्तीत तुझ्याजवळ अंबरीष आहे. आजी एकादशीचा उपास द्वादशीला सोडताना दर वेळी सांगायची, त्या भक्तावरचा दुर्वासांचा शाप तू अंगावर घेतलास आणि दहा वेळा गर्भवास सोसलास. लहानपणी मला ती शौर्याची गोष्ट वाटायची. आता वाटतं, दहा वेळा तू वैकुंठ सोडलंस. कृष्ण झालास तेव्हा गोकुळही सोडलंस, आणि यशोदा मागं राहिली. मग माझ्या मनातलं तुला समजणार नाही तर कुणाला?

आनंदीबाई जोशींची आठवण रोज येते. 1883 साली अठराव्या वर्षी त्या बोटीनं अमेरिकेला आल्या, फिलाडेल्फियाच्या थंडीत शिकल्या, 1886 साली डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यात वारल्या. त्यांना फोन नव्हता. घरच्या पत्राची वाट बघत दिवसामागून दिवस जायचे. ज्या कार्पेंटरबाईंनी इथं त्यांना पोटाशी धरलं, त्यांना त्या मावशी म्हणायच्या. त्यांची रक्षा मावशींच्या घराण्याच्या दफनभूमीत, याच न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सीला आहे. देवा, मलाही परक्या माणसाला मावशी म्हणता येऊ दे. मेसमधल्या वयस्क बाई रोज विचारतात, कशी आहेस. मी नुसती मान हलवून पुढं जाते. उद्यापासून मला दोन मिनिटं थांबायची बुद्धी दे.

माझ्या खोलीत तेहरानची मुलगी राहते. तिचा व्हिसा एकाच प्रवेशाचा आहे. घरी गेली तर परत येता येईल की नाही ते कळत नाही, म्हणून ती तीन वर्षं गेलेली नाही. रात्री भिंतीकडं तोंड करून रडते आणि मी झोपेचं सोंग घेते. तिचं गाऱ्हाणं माझ्याआधी ऐक. तिचा देव तूच आहेस, असं मी मानते.

आणि आता जे मागायला बसले ते. आम्ही मायलेकी एकमेकींशी खोटं बोलतो, भगवंता. ती विचारते, जेवलीस का, आणि मी उपाशी असले तरी हो म्हणते. मी विचारते, बाबा कसे आहेत, आणि ती म्हणते, छान आहेत. बाबा पाय घसरून पडले, हाताला प्लास्टर घातलं, हे मला तीन आठवड्यांनी चुलतभावाकडून कळलं. एकमेकींना जपायचं म्हणून तसं बोलतो, पण त्यानं मी जास्तच एकटी पडले आहे. तीही पडली असणार. घराची ओढ मी सोसेन. घरच्यांपासून लपवून सोसणं आता होत नाही. त्यांनी कर्ज काढून पाठवलं, म्हणून मला रडायचा हक्क नाही, ही मनातली गाठ तू सोड.

उद्या सकाळी साडेनऊला मी फोन करीन. तिकडं रात्रीचे आठ वाजलेले असतील, आई स्वयंपाकघरात असेल. ती विचारील, बरी आहेस ना? तेव्हा माझ्या जिभेवर येऊन बस आणि एवढंच बोलू दे: आई, मला घर फार आठवतं. बाबांना फोन दे, त्यांचा हात कसा आहे ते मला खरं सांगा.