कुजलेली पायरी

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत दोन साडू राहत. तिथल्या किमती झेपेनात, म्हणून भाड्याने द्यायला दोघांनी ओहायोतल्या क्लीव्हलंडमध्ये एकेक जुनं लाकडी घर घेतलं.

धाकट्याने त्यासाठी वायोमिंगमध्ये एलएलसी काढली. मर्यादित जबाबदारीच्या अशा कंपनीचा अमेरिकेतला पहिला कायदा १९७७ साली वायोमिंगनेच केला. मालकाचं नाव तिथे जाहीर होत नाही आणि वर्षाची फी ६० डॉलरपासून. "आता माझ्या केसालाही धक्का लागायचा नाही," असं तो पंगतीत सांगे. थोरल्याने मुकाट्याने ओहायोतच कंपनी नोंदवली. घर ओहायोत होतं, एवढाच त्याचा हिशेब.

कंपनी काढली आणि धाकटा तिला विसरला. घर कंपनीचं, पण भाडेकरार त्याच्या नावाने, विमा त्याच्या नावाचा, भाडंही त्याच्याच घरखर्चाच्या खात्यात. भाडेकरणीने मागच्या दारच्या कुजलेल्या पायरीचा फोटो पाठवला, तेव्हा त्याने उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे काय, हे त्या बाईला कुठून ठाऊक असणार?

पायरी थोरल्याच्या घराचीही कुजली होती. त्याने त्याच आठवड्यात सुतार धाडला, पैसे कंपनीच्या खात्यातून दिले आणि पावती फाइलला लावली.

दोन महिन्यांनी धाकट्याच्या भाडेकरणीचा पाय पायरीतून आरपार गेला, घोटा मोडला. दावा कंपनीवर लागला, तसा त्याच्यावरही. तिच्या वकिलाने दोन कागद पुढे ठेवले. एकावर तो अंगठा. दुसरा बँकेचा उतारा: ३ तारखेला घरभाडं जमा, ४ तारखेला त्याच खात्यातून तांदूळ आणि लोणचं. विमावाल्यांनी हात वर केले. घर एकाचं, विमा दुसऱ्याचा.

"दादा, कंपनी काढली होती ना मी!"

"काढलीत हो. पण कुंपण घालून माणूस झोपला तर गुरं थोडीच झोपतात? आणि पायरीची हयगय तुमची स्वतःची. ती कुठलीच कंपनी पदरात घेत नाही."

मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेल्या पैशांतून धाकट्याने तडजोड केली.

कॅलिफोर्नियात बसून कारभार पाहिला, तर कंपनी वायोमिंगची असो की ओहायोची, कॅलिफोर्नियाला वर्षाला किमान ८०० डॉलर कर द्यावाच लागतो. थोरला तो वेळच्या वेळी भरत होता. धाकट्याला तीन वर्षांची नोटीस एकदम आली, दंडासकट.