स्लो वाढवून देऊ का?

शिंदखेड्यात माझ्या मामांचं गॅरेज आहे. काम बहुतेक विहिरीवरच्या डिझेल इंजिनांचं आणि ट्रॅक्टरचं. दोन वर्षांपूर्वी मी सुट्टीत तिथे हाताखाली होतो, तेव्हा एक वेगळं गिऱ्हाईक आलं. तापीवर सुलवाडे बॅरेजच्या फुगवट्यात मासे धरणारे एक काका. त्यांच्या होडीला जुनं एका सिलिंडरचं इंजिन होतं, कधीकाळी शेतातल्या पंपावर चाललेलं. मामांनी ते पूर्ण उघडलं. लायनर, पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह सगळं नवं घातलं. गॅरेजच्या फरशीवर चालू केलं तेव्हा आवाज एकदम स्वच्छ होता.

आठ दिवसांनी काका परत आले. "मिस्तरी, फुल रेसमध्ये पळतं. पण हळू चालवलं की दम टाकतं. क्लच टाकला की बंदच पडतं."

ही तक्रार वाटते तेवढी किरकोळ नाही. जाळं सोडायचं, ओढायचं, काठाला लागायचं, तर होडी हळूच चालवावी लागते. फुल रेस फक्त जाण्यायेण्यापुरती. खरं काम सगळं कमी फेऱ्यांवर.

मामा म्हणाले, डिझेलमध्ये पाणी असेल. मग म्हणाले, पंख्यात दोरा अडकला असेल. मग, होडीत वजन जास्त होत असेल. यातलं काहीही असू शकतं, म्हणून एकेक तपासलं. फिल्टर बदलला, पाइपातली हवा काढली, नोझलचा फवारा पाहिला. सगळं ठीक. आज मागे वळून पाहताना एक गोष्ट लक्षात येते. आमचा प्रत्येक संशय बाहेरच्या वस्तूवर होता. जे इंजिन आम्ही नुकतंच आमच्या हातांनी बांधलं, त्याच्यावर संशय घ्यायला आम्ही सगळ्यात शेवटी तयार झालो. नवं काम म्हणजे बरोबर काम, असं आपण धरून चालतो. उलट, चालणाऱ्या वस्तूत बिघाड आला तर शेवटचा हात कोणाचा लागला होता, हा पहिला प्रश्न असायला हवा. रॉबर्ट पर्सिग यांनी १९७४ सालच्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' या पुस्तकात दुरुस्ती करणाऱ्याला अडवणाऱ्या सापळ्यांमध्ये अहंकार मोजला आहे. ते पुस्तक मी नंतर वाचलं. सापळा आधी पाहिला होता.

तिसऱ्या दिवशी काकाच कंटाळले. "स्लो वाढवून द्या ना. भागेल माझं."

पाच मिनिटांचं काम होतं. गव्हर्नरचा स्क्रू आवळायचा, पंपाचं डिझेल थोडं वाढवायचं. इंजिन बंद पडणं थांबलं असतं. गिऱ्हाईक खूश, मिस्तरी मोकळा. आणि मागणी तर गिऱ्हाइकाचीच. मग यात चूक काय?

मी बराच काळ या प्रश्नावर अडकलो. आपण म्हणतो की माणसाने स्वतः होकार दिला तर फसवणूक होत नाही. पण काकांनी होकार कशाला दिला होता? त्यांना दिसत होतं ते लक्षण. कारण त्यांना ठाऊक नव्हतं आणि त्या क्षणी आम्हालाही नव्हतं. ज्याला किंमत माहीत नाही त्याचा होकार म्हणजे विश्वास. विश्वासाने दिलेल्या होकाराच्या आड लपणं ही फसवणुकीची सगळ्यात सभ्य जात आहे. मोबाइलवर न वाचता 'मान्य आहे' दाबणाऱ्या आपल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको.

मामांनी स्क्रूला हात लावला नाही. इंजिन चांगलं तापू दिलं, बंद केलं आणि हँडलने हाताने फिरवलं. थंड असताना कॉम्प्रेशन हाताला घट्ट लागायचं. आता ते मऊ लागलं आणि सायलेन्सरमधून बारीक फुस्स ऐकू आलं. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह पुरता बसत नव्हता.

कारण सापडलं ते असं. पहिल्यांदा इंजिन चालवल्यावर हेडची पॅकिंग दबते, म्हणून नट पुन्हा आवळतात. ते आम्ही केलं होतं. पण हेड खाली बसलं की टॅपेटचा गॅप कमी होतो, म्हणून तोही पुन्हा लावावा लागतो. ते राहून गेलं होतं. हा गॅप साधारण पाव मिलिमीटरच्या आसपासचा, इंजिनाप्रमाणे थोडा कमीजास्त. तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते. गॅप आधीच कमी असेल तर व्हॉल्व्ह किंचित उघडाच राहतो.

मग फुल रेसमध्ये का पळत होतं? मिनिटाला १५०० फेरे असतील तर एक फेरा सेकंदाच्या पंचविसाव्या भागात संपतो. दाबलेल्या हवेला निसटायला वेळच मिळत नाही. ६०० फेऱ्यांवर एका फेऱ्याला सेकंदाचा दहावा भाग लागतो आणि हवा निसटते. गळती दोन्हीकडे तीच. वेगाने ती झाकली होती, मिटवली नव्हती.

स्लो वाढवलं असतं तर हीच गळती आणखी काही महिने झाकून राहिली असती. व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला टेकून सोडतो. टेकलाच नाही तर जळतो. ते बिल काकांना ऐन हंगामात आलं असतं आणि आमच्या त्या पाच मिनिटांशी त्याचा संबंध कोणीच जोडला नसता. आपणही नाही.

गॅप लावायला एकही पार्ट लागला नाही. आणि इथे दुसरा मोह उभा राहिला. काकांनी विचारलं, "काय होतं?" 'किरकोळ सेटिंग होतं' असं म्हटलं असतं तर ते खोटंही नव्हतं. मामा थोडं थांबले आणि म्हणाले, "मनी चूक शे." मग काय राहून गेलं होतं ते फिलर गेज हातात धरून दाखवलं. पैसे घेतले नाहीत.

खरेपणाचं बक्षीस मिळालं, अशी ही गोष्ट नाही. काकांनी ते नदीवर चार जणांना सांगितलं. महिन्याभराने पुढचं गिऱ्हाईक इंजिन टेम्पोतून उतरवता उतरवताच म्हणालं, "टॅपेट विसरू नका हां, मिस्तरी." मामांना ते झोंबलं. मलाही.

त्या इंजिनाचं काम झाल्यावर मामांनी हेड दुसऱ्यांदा आवळलं, गिऱ्हाइकाला जवळ बोलावलं, गेजची पट्टी त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "घाला. तुम्हीच बघा."