निद्रानाश: दोष कीं दुखणें?

पुष्कळांचा असा समज आहे कीं, ज्याचें मन निर्मळ त्याला अंथरुणास पाठ टेकतांच झोंप येते. आणि जो रात्रभर तळमळतो त्याच्या मनांत कांहीं तरी पाप सलत असलें पाहिजे. हा समज न्यायाचा आहे काय, ह्याचा वाचकांनीं शांतपणें विचार करावा.

विवेकबुद्धीची टोंचणी झोंप उडविते, हें कोणी नाकारणार नाहीं. भावाचा बांध कोरणारा किंवा खोटी साक्ष देऊन आलेला मनुष्य रात्रीं कूस बदलीत पडला, तर तें जागरण त्याच्या हिताचेंच आहे. परंतु ह्यावरून प्रत्येक जागणारा अपराधी ठरत नाहीं. योना आज्ञा मोडून पळाला, तरी तुफानांत तारवाच्या तळाशीं तो गाढ झोंपला होता. ज्यांचा कांहीं अपराध नव्हता ते खलाशी मात्र भयानें जागे होते. सावकार घोरतो आणि ऋणको जागतो, हें तर नित्य दृष्टीस पडतें.

झोंप बिघडण्याचीं कारणें बहुधा शरीरांत, संवयींत व संसाराच्या काळजींत असतात. चहांतील कॅफीन शरीरांतून निम्मे कमी होण्यासच सुमारें ५ तास लागतात. दारूनें प्रथम गुंगी येते, पण उत्तररात्रीं झोंप वारंवार मोडते. मोबाइलचा उजेड रात्रीं डोळ्यांवर पडत राहिला, म्हणजे शरीराला निजण्याची वेळ उशिरां कळते. कित्येकांचा श्वास घोरतां घोरतां वारंवार अडतो. असा मनुष्य रात्रभर अंथरुणांत असूनही दिवसा पेंगतो, आणि लोक त्याला आळशी म्हणतात. रक्तांतील लोह कमी झाल्यानेंही कित्येकांचे पाय रात्रीं शिवशिवतात व स्वस्थ पडवत नाहीं. जेथें शेतीपंपास वीज रात्रीं मिळते, तेथें शेतकऱ्यानें झोंपावें तरी केव्हां? ह्यांपैकीं कोणतें पाप म्हणावें?

उपायही साधे आहेत. रोज ठराविक वेळीं उठावें. झोंप न आल्यास तळमळत न राहतां उठून बसावें, व पेंग आल्यावरच पुन्हा पडावें. २०१६ सालीं अमेरिकेंतील वैद्यांच्या महाविद्यालयानें गोळ्यांच्या आधीं अशाच शिस्तीचा व मनाला वळण लावण्याचा उपचार करावा, अशी शिफारस केली. आठवड्यांतून तीन रात्री, असें तीन महिने चाललें, तर वैद्यशास्त्र त्यास जुनाट निद्रानाश मानितें; परंतु तितकी वाट न पाहतां डॉक्टरांस दाखवावें.

वाचकहो, जागणाऱ्या शेजाऱ्यास आपण दोषी ठरवितों, तेव्हां त्याच्या उशाशीं आणखी एक काळजी नेऊन ठेवितों. म्हणून "तूं काय केलेंस?" असें न विचारतां "तुला काय होतें?" असें विचारावें. आणि ज्याला सुखाची झोंप लागते त्यानें निजण्यापूर्वीं स्वतःस इतकेंच विचारावें: माझ्यामुळें आज कोणी जागें तर नाहीं ना?